बटाट्याचा संसार

मापबाईंना हे नाव रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात पडलं. तिथे त्यांनी सत्तावीस वर्षं पथ्याची ताटं लावली. बिनमिठाची, बिनसाखरेची, दात नसलेल्यांची, ऑपरेशन होऊन जेमतेम तीन दिवस झालेल्यांची. अंदाजे वाढणारा माणूस त्यांना नजरेसमोर नको असे. "अंदाज घरी चालवायचा," त्या म्हणत, "इथे काटा आहे." नवीन मुली सुरुवातीला त्यांच्या पाठीमागे तोंडं वेंगाडत आणि सहा महिन्यांनी स्वतःच दुसऱ्या नवीन मुलीला काटा दाखवत.

मग एका वर्षी स्वयंपाकघर बंद झालं. जेवण बाहेरून, झाकण चिकटवलेल्या डब्यांतून येऊ लागलं. मापबाईंना तळघरातल्या कपड्यांच्या खोलीत बसवलं, धुऊन आलेल्या चादरी मोजायला. कुणी विचारलं तर त्या हसून सांगायच्या, "माप काही सुटलं नाही हो, फक्त भाजीवरून चादरीवर आलं." पण हे हसू ओठांच्या खाली उतरत नसे. बावन्नाव्या वर्षी आपण अडगळीत पडलो, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. भंगारात निघालेला एक छोटा काटा त्यांनी रीतसर परवानगी घेऊन घरी आणला होता. तो ओट्यावर नुसताच बसून होता, त्यांच्यासारखाच.

त्या एकट्या राहत. तिसरा मजला, दोन खोल्या, एक अरुंद बाल्कनी. रविवारी धाकटा भाऊ त्याच्या दहा वर्षांच्या मुलीला घेऊन यायचा, दुपारचं जेवून जायचा. तसाच एका रविवारी तो आला तो हातात गुलाबी-पिवळा पिंजरा घेऊन. मागे भाची. रडून रडून तिचं नाक टोमॅटोसारखं झालेलं.

"ताई, हा उंदीर दोन दिवस ठेव," भाऊ दारातूनच म्हणाला. "दुकानदार परत घेत नाहीये. मी दुसरं कुणी बघतो."

"उंदीर नाहीये तो! हॅमस्टर आहे!" भाची ओरडली. "आत्या, बाबा त्याला देऊन टाकणार आहेत. त्याने आईला चावलं म्हणून. एकदाच!"

"तीनदा," भाऊ म्हणाला. "काल तर रक्त काढलं. वाढदिवसाची भेट म्हणून आणला आणि घरात वैरी पाळल्यासारखं झालंय. ती म्हणते, एक तर तो राहील नाहीतर मी."

मापबाईंनी पिंजऱ्यात डोकावून पाहिलं. आत मातकट रंगाचा, गोल, हात-पाय शोधावे लागतील असा एक जीव जाळीच्या गजाला दात लावून करकर चावत होता. थांबतच नव्हता. नाकावरचे केस जाऊन तिथे गुलाबी चट्टा पडला होता.

"नाव काय याचं?"

"बटाट्या," भाची मुसमुसत म्हणाली.

"शोभतंय. खातो काय?"

"सगळं! बिस्किट आवडतं, केळं आवडतं, आणि सूर्यफुलाच्या बिया तर वाटीभर."

वाटीभर. मापबाईंच्या भुवया वर गेल्या. त्यांनी ओट्यावरचा काटा आणला, त्यावर एक स्टीलचा डबा ठेवला, डब्याचं वजन वजा केलं आणि भाचीला म्हणाल्या, "घाल त्याला यात. मी हात घालत नाही, मला माझी बोटं हवीत."

दोनशे चौदा ग्रॅम.

"हे जास्त आहे का?" भावाने विचारलं.

"मला काय माहीत? पण गजाला दात लावून बसलेला पेशंट मी पाहिलाय. कॉटचे कठडे हलवत बसायचा. तो काही स्वभावाने वाईट नव्हता, अडकलेला होता." मापबाईंनी डब्यावर हात धरला. "राहू दे इथे. दोन दिवस नाही. राहू दे."

भाचीने आत्याला अशी मिठी मारली की काटा पडता पडता राहिला.

दुसऱ्याच दिवशी कामावरून सुटल्यावर मापबाई बटाट्याला घेऊन जनावरांच्या डॉक्टरकडे गेल्या. डॉक्टर तरुण मुलगी होती, बोलायला फटकळ. बाकावर एक माणूस धिप्पाड कुत्रा घेऊन बसला होता, तो मापबाईंच्या मांडीवरच्या डब्याकडे बघून गालात हसला. मापबाईंनी लक्ष दिलं नाही.

डॉक्टरने बटाट्याला उलटसुलट करून पाहिलं, लघवीही तपासली. "काकू, याला रोग नाही. याला घर नाही," ती म्हणाली. "हे जे पिंजरे दुकानात विकतात ना, ते घर नव्हे, डबा आहे. त्यातल्या चाकाच्या तारांनी तळपायांना जखमा झाल्यात. ताणामुळे गज चावतो, म्हणून नाकाचे केस गेले. आणि खाणं... बिस्किट? अहो, लघवीत अजून साखर नाही, पण त्याच वाटेवर आहे. दीडशे-एकशेसाठच्या आसपास यायला हवा. आणि एकदम उपाशी ठेवून नाही. हळूहळू."

"किती हळूहळू?" मापबाईंनी पिशवीतून वही काढली.

डॉक्टरने मान वर करून त्यांच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. "आठवड्याला तीन-चार ग्रॅम. त्याहून जास्त नको."

त्या संध्याकाळी मापबाईंनी पदर खोचला. फोनवर भाची वाचून दाखवायची आणि आत्या लिहून घ्यायची. याला उंची नको, लांबी-रुंदी हवी. बिळं करता येतील एवढा खोल भुसा हवा, निदान वीतभर, जमलं तर जास्तच. चाक फूटभर व्यासाचं हवं, आतून सलग, म्हणजे पळताना पाठ वाकणार नाही आणि पाय अडकणार नाहीत. अंग घासायला कोरडी वाळू हवी. आणि एकटाच हवा. दुसरा आणून ठेवला तर मारामारी.

"म्हणजे माझ्यासारखाच," मापबाई म्हणाल्या. "पुढे वाच."

पुढच्या खोलीत भिंतीला लागून एक लांब शोकेस होतं. आईने दिलेला काचेचा सेट त्यात पंधरा वर्षं पाहुण्यांची वाट बघत होता. पाहुणे यायचे आणि रोजच्याच कपातून चहा पिऊन जायचे. मापबाईंनी सेट खोक्यात भरला आणि खालच्या मजल्यावरच्या सुताराला बोलावलं.

सुताराने टेप लावून माप घेतलं आणि डोकं खाजवलं. "ताई, चार फूट बाय दोन फूट. आत मोकळं. समोर काच. वर जाळी, हवा खेळायला. हे नक्की कुणासाठी?"

मापबाईंनी डबा उघडून दाखवला.

सुताराने डब्यात वाकून पाहिलं. "एवढ्याला एवढं? ताई, लग्नानंतर मी आणि बायको ज्या खोलीत राहिलो ना, तिथे एवढी मोकळी जागा नव्हती. झोपेत कूस बदलायची तर एकमेकांना विचारावं लागायचं."

"मग तुम्हाला याचं दुःख लगेच कळेल," मापबाई म्हणाल्या. "समोरची काचेची पट्टी दहा इंच उंच ठेवा, भुसा बाहेर येता कामा नये. आणि कडा घासून द्या. रंग नको, पॉलिश नको, हा सगळं चाखून बघतो."

सुताराने शनिवारी काम पुरं केलं, शिवाय एक छोटं लाकडी घर स्वतःच्या मनाने करून आणलं. आत दोन खोल्या, दोन दारं. "पुढचं दार, मागचं दार," तो लाजत म्हणाला. "आता करायचंच तर नीट करावं."

रविवारी भाची आली. दोघींनी कागदाचा भुसा पोती रिकामी करकरून ओतला, थोपटून थोपटून दाबला. एका कोपऱ्यात वाळूची परात, दुसरीकडे मोठं चाक, मध्ये पुठ्ठ्याच्या नळ्या. भाऊ खुर्चीत बसून पेपर वाचत असल्याचं नाटक करत होता. "उंदराचा बंगला," तो पुटपुटला. "मला कधी कुणी बांधून दिला नाही."

बटाट्याला आत सोडलं. तो क्षणभर गोठल्यासारखा उभा राहिला. मग नाक भुशात खुपसलं, पुढच्या पंजांनी भुसा भराभरा मागे उडवला आणि बघता बघता गायब झाला. काचेआडून त्याच्या बिळाची वाट सरकताना दिसत होती, आधी खाली, मग डावीकडे, मग परत वर. चार फूट दूर, चाकाजवळ, भुशातून एक डोकं बाहेर आलं.

भाचीने टाळ्या पिटल्या. भावाचा पेपर खाली आला होता तो वर गेलाच नाही.

आता खाण्याचा तक्ता. हे तर मापबाईंचं माहेर होतं. त्यांनी वहीचं नवीन पान उघडून रेघा मारल्या. रोज दोन छोटे चमचे धान्याचं मिश्रण: बाजरी, ओट्स, गहू, थोडं जवस. सूर्यफुलाच्या बिया दिवसाला दोन, त्याही हातातून, ओळख वाढावी म्हणून. नखाएवढा काकडीचा किंवा ब्रोकोलीचा तुकडा. आठवड्यातून दोनदा उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग, हरभऱ्याएवढा. फळ आठवड्यातून एकदा, तेही नावापुरतं. बिस्किट बंद. कांदा, लसूण, लिंबाच्या जातीचं काही, कच्चा बटाटा, सगळं बंद.

"बटाट्याला बटाटा बंद!" भाची खदखदून हसली.

पहिले दहा दिवस मापबाई रोज सकाळी वाटी बघायच्या. वाटी चाटूनपुसून रिकामी. पण काट्यावर बटाट्या होता तिथेच. दोनशे चौदा. दोनशे तेरा. पुन्हा दोनशे चौदा. त्यांनी धान्य अर्धा चमचा कमी केलं, तरी तेच. काटा बिघडला की काय म्हणून दुकानातून आणलेलं साखरेचं पाकीट त्यावर ठेवून बघितलं. काटा बरोबर होता.

तळघरात चादरी मोजता मोजता एक दिवस त्यांचा हात मध्येच थांबला. सात नंबरच्या कॉटवरचे आजोबा आठवले. ताट नेहमी स्वच्छ, आणि साखर कधी वर, कधी खाली. शेवटी नर्सने उशी उचलली तर खाली पावाचे अकरा तुकडे. आजोबा म्हणाले होते, "उद्या मिळालं नाही तर?"

घरी येऊन त्यांनी सुताराने केलेलं छोटं घर अलगद उचललं. खाली कोठार! बिया, गहू, वाळलेले काकडीचे काप, आणि कधीतरी भाचीने चोरून दिलेला बिस्किटाचा एक कोपरासुद्धा. बटाट्या रोजचं खाणं गालात भरून इथे आणून टाकत होता आणि दिवसभर बसून मजेत खात होता. वाटी रिकामी म्हणजे पोटात गेलं, हा हिशेबच चुकीचा.

मापबाई जमिनीवर बसून पोट धरून हसल्या. स्वयंपाकघर बंद झाल्यापासून इतकं त्या हसल्या नव्हत्या. त्यांनी कोठारातून बिस्किट आणि नासलेली काकडी तेवढी काढली, बाकी तसंच राहू दिलं. दुसऱ्या दिवसापासून वाटी बंद. धान्य भुशात चारी बाजूंना विखरून टाकायचं, म्हणजे दाण्या-दाण्याला याने हिंडलं पाहिजे. वाटीवर विश्वास नाही, वजनावर विश्वास. रविवारी भाचीला समोर बसवून विचारलं, "बिस्किट कुणी दिलं?" भाचीने खाली मान घालून बोट वर केलं. "हात पुढे कर," आत्या म्हणाली. भाचीने घाबरत हात पुढे केला. आत्याने त्यावर एक सूर्यफुलाची बी ठेवली. "यापुढे लाड करायचे तर हिनेच."

तीन आठवड्यांत दोनशे चार. सगळं कसं सुरळीत. आणि नेमकी तिथेच मापबाईंनी माती खाल्ली.

रुग्णालयाची सवय ती. गुरुवारी सुट्टी होती. त्यांनी बटाट्याला डब्यात ठेवलं, शोकेसमधला सगळा भुसा काढून पोत्यात भरला, फळ्या गरम पाण्याने खसखसून घासल्या, लाकडी घर उन्हात तापवलं, वाळू बदलली. संध्याकाळी सगळं कोरं करकरीत भरलं आणि मोठ्या अभिमानाने बटाट्याला आत सोडलं.

बटाट्या एका कोपऱ्यात अंग चोरून बसला. खणलं नाही, हललाही नाही. शुक्रवारी पहाटे तो तिथेच. बी पुढे केली तर बोटाला कडाडून चावला. शनिवारी सकाळी काटा म्हणाला, एकशे पंच्याण्णव. दोन दिवसांत नऊ ग्रॅम. मापबाईंनी परत वजन केलं, तेच. त्यांनी डॉक्टरला फोन लावला.

"काकू, भुसा सगळा बदललात?" डॉक्टरने विचारलं. "जुना थोडासुद्धा ठेवला नाही?"

"स्वच्छ नको का?"

"तुम्हाला स्वच्छ. त्याला परकं. त्याला नीट दिसत नाही हो, तो वासावर जगतो. त्याच्या वासाचं सगळं तुम्ही फेकून दिलंत. झोपेतून उठल्यावर आपलं घरच कुणी उचलून नेलं असेल, तर तुम्ही जेवाल का?"

मापबाईंनी फोन ठेवला. कचऱ्याची गाडी शनिवारी यायची आणि पोतं अजून बाल्कनीत होतं. खाली गाडीचा भोंगा वाजतच होता. त्यांनी पोत्याची गाठ दातांनी सोडली. ज्या बाईने आयुष्यभर डाव धुतल्याशिवाय दुसऱ्या पातेल्यात घातला नाही, तिने त्या जुन्या, वास मारणाऱ्या भुशात दोन्ही हात कोपरापर्यंत घातले आणि दोन घमेली भरून आत आणली. कोठाराचे दाणेही वेचून वेचून घेतले. सगळं त्याच्या जुन्या कोपऱ्यात पसरलं.

बटाट्याचं नाक हललं. तो दोन पावलं आला, थांबला, मग एकदम धावत सुटला. दाण्यांनी गाल फुगेपर्यंत भरले आणि पाण्यात सूर मारल्यासारखा भुशात शिरला. दहा मिनिटांत बीळ तयार. मापबाई काचेला कपाळ टेकून बसून राहिल्या. डोळे का भरून आले ते त्यांना कळलं नाही, पण जिवात जीव आला होता हे नक्की.

रविवारी त्यांनी भाचीला सगळं सांगितलं. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या.

"आत्या, तू चुकतेस?" भाचीने डोळे मोठे केले.

"वहीत लिहिलंय बघ. लाल शाईने. पुन्हा होणार नाही."

आणि झालं नाही. त्यानंतर मागे वळून बघायचं कामच पडलं नाही. मापबाई रुग्णालयाच्या सवयीने पहाटे साडेचारला उठायच्या, आणि तीच बटाट्याची पळायची वेळ. चहाचा कप घेऊन त्या शोकेससमोर खुर्ची ओढायच्या. मोठ्या चाकात बटाट्या पाठ सरळ ठेवून असा पळायचा, की चाक दिसायचं नाही, नुसती गरगर दिसायची. मध्येच थांबून काचेपाशी यायचा, पुढचे दोन पाय काचेवर टेकवायचा. जाळीचं झाकण उचललं की आपणहून हातावर चढायचा. तीन महिने झाले तशी नाकावर मऊ लव आली, मग केस. गज नव्हतेच, त्यामुळे करकरही नव्हती. तळपाय बरे झाले. वजनाच्या रकान्यात आकडे एकेक पायरी उतरत गेले. एकशे ऐंशी. एकशे एकाहत्तर. एकशे बासष्ट.

एका रविवारी वहिनी आली. एवढे दिवस ती आली नव्हती. लांबूनच म्हणाली, "चावतो का अजून?"

"हात धुऊन ये," मापबाई म्हणाल्या. "मागच्या वेळी तुझ्या हाताला खाण्याचा वास असेल. आणि झोपेतून उठवून उचललं असशील."

दोन्ही खरं होतं. वहिनी हात धुऊन आली, तळहात पसरून भुशावर ठेवला. बटाट्या आला, एकेक बोट हुंगलं आणि तळहातावर बसून तोंड धुवायला लागला. वहिनीने श्वास रोखून धरला होता. "अगंबाई," ती हळूच म्हणाली, "किती हलका आहे हा!"

भाऊ तोपर्यंत जमिनीवर पालथा पडून काचेतून बिळाचा नकाशा बघत होता. "ताई, याने खाली तिसरी खोली काढलीय," तो म्हणाला. "आमच्याकडे दोनच आहेत."

पाच महिन्यांनी मापबाई पुन्हा डॉक्टरकडे गेल्या. सोबत भाची, हातात डबा, पिशवीत वही. डॉक्टरने बटाट्याला आपल्या काट्यावर ठेवलं.

"एकशे अठ्ठावन्न," ती म्हणाली.

"एकशे सत्तावन्न," मापबाई म्हणाल्या. "तुमचा काटा एक ग्रॅम पुढे आहे."

डॉक्टरने मुकाट्याने काटा शून्यावर आणला आणि परत वजन केलं. एकशे सत्तावन्न. भाचीने हात वर करून उडीच मारली. डॉक्टरने पाय पाहिले, नाक पाहिलं, दात पाहिले, मग वही मागितली. पान उलटत गेली. रोजचं वजन, रोजचं खाणं, कोणती भाजी कोठारात पडून राहिली, कोणती लगेच खाल्ली, लाल शाईतला तो गुरुवार. दाराबाहेर लोक खोळंबले होते, तरी तिने शेवटचं पान येईपर्यंत वही खाली ठेवली नाही.

"काकू, हे कुठे शिकलात?"

"सत्तावीस वर्षं माणसांना जेवू घातलंय. पथ्याचं."

"आणि आता?"

"आता चादरी मोजते."

डॉक्टरने पेन टेबलावर आपटलं. "माझ्याकडे दर आठवड्याला दहा जण येतात. लठ्ठ ससे, गिनीपिग, हॅमस्टर. मी पाच मिनिटांत सांगते, ते मान हलवतात आणि घरी जाऊन परत बिस्किट देतात. मला बसून समजावायला वेळ नाही. शनिवारी सकाळी याल? रीतसर, मानधनावर. त्या कोपऱ्यात टेबल देते."

मापबाईंनी टेबलावरची वही उचलून पिशवीत ठेवली. भाचीने आत्याच्या कमरेला ढोसलं. "येईल ती," भाची म्हणाली. "काटाही घेऊन येईल."

"मला बोलू दे गं," मापबाई म्हणाल्या आणि ताठ बसल्या. "येईन. पण टेबल खिडकीपाशी हवं. आणि येताना प्रत्येकाने आठवडाभर काय खायला घातलं ते लिहून आणायचं. खरं खरं."

पहिल्या शनिवारी चौघे येतील असं डॉक्टरला वाटलं होतं. अकरा आले. बाकावर जागा पुरेना, तेव्हा धिप्पाड कुत्र्याचा तो मालक उभा राहिला आणि सशावाल्या बाईंना जागा दिली. मापबाईंनी इस्त्रीची सुती साडी नेसली होती, केस चापूनचोपून बांधले होते. टेबलावर काटा, वही, दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. समोर एक आजोबा बसले होते, मांडीवर गोलमटोल गिनीपिग, आणि ते शपथेवर सांगत होते की हा फक्त गवत खातो.

मापबाईंनी गिनीपिगच्या मिशीला चिकटलेला केकचा कण चिमटीत धरून उजेडात धरला.

बाकावर हसण्याची एकच लाट उसळली. आजोबा स्वतःही हसायला लागले, आणि मापबाईंनी निळं पेन उघडलं.